बोटॅनिकल गार्डनमध्ये फुलं बघायला जाऊ नका

म्हणजे जा, फुलं पण बघा, कोण नको म्हणतंय. पण घरी काय लावायचं याच्या आयडिया घ्यायला जाणार असाल तर फुलं सगळ्यात शेवटी बघायची, असं माझं आता ठाम मत झालंय. कारण फूल काय, आलं तर आठ-पंधरा दिवस दिसणार, काही झाडांचं तर एकच दिवस, बाकी अख्खं वर्ष आपल्याला त्या झाडाची पानं, खोड, फांद्या आणि खाली पडलेला कचराच बघायचा असतो. आणि नेमकं तेच आपण विकत घेताना बघत नाही.

नर्सरीत जे दिसतं ना ते झाडाचं पासपोर्ट साइज फोटोतलं रूप असतं, आंघोळ करून पावडर लावून बसवलेलं. सगळी रोपं एकाच उंचीची, एकसारख्या काळ्या पिशवीत, खत मारून ऐन फुलावर आणलेली. ते पाच वर्षांनी कसं दिसेल, किती पसरेल, खालून उघडं पडेल का, शेजारच्याला जगू देईल का, यातलं काहीच तिथे कळत नाही. बोटॅनिकल गार्डनमध्ये मात्र तेच झाड म्हातारं झालेलं, वादळात फांदी मोडलेलं, कीड लागून सावरलेलं असं उभं असतं. आणि ते कुणाला विकायचं नसल्यामुळे त्याला कुणी नटवत पण नाही.

साधं मनीप्लांटचं उदाहरण घ्या. बाटलीतलं, टेबलवरचं, तळहाताएवढी बदामाच्या आकाराची पानं असलेलं मनीप्लांट सगळ्यांनी बघितलंय. गार्डनमध्ये एका मोठ्या झाडाच्या बुंध्यावर चढलेलं बघितलं तर मला आधी ओळखूच आलं नाही. पानं ताटापेक्षा मोठी, कडा जागोजागी फाटल्यासारख्या कापलेल्या, पिवळे पट्टे तेच पण हातभर लांब, आणि वेलाचं खोड चांगलं मनगटाएवढं जाड, त्याची मुळं बुंध्याच्या सालीत बोटं रुतवल्यासारखी घट्ट रुतलेली. खाली पाटी होती, एपिप्रेम्नम ऑरियम. म्हणजे आपलं तेच. चढायला आधार मिळाला की याची पानं मोठी होत जातात आणि खाली लोंबत ठेवलं की लहानच राहतात, मॉन्स्टेरा नावाच्या वेलाचं पण तसंच, लहानपणी त्याच्या पानांना भोकं नसतात, वर चढत मोठं झालं की पडायला लागतात. आता हे कुठेतरी वाचलेलं असतं आपण, पण समोर बघितल्यावर डोक्यात वेगळाच प्रकाश पडतो. आणि हो, या मनीप्लांटला फूल जवळजवळ येतच नाही, फुलायला लागणारं जिबरेलिन नावाचं हार्मोन त्याच्यात पुरेसं बनतच नाही, म्हणजे फुलाच्या नावाने शून्य, तरी झाड एकदम बघण्यासारखं. माझा मुद्दा याच्यापेक्षा सोपा करून मला तरी सांगता येणार नाही.

पाट्यांबद्दल थोडं लिहायलाच पाहिजे कारण लोक पाटीचा फोटो काढत नाहीत आणि घरी येऊन "ते जांभळं काय होतं गं" करत बसतात. माझी पद्धत अशी आहे की आधी पाटीचा फोटो, मग लांबून पूर्ण झाडाचा किंवा वाफ्याचा, मग जवळून पानाचा, आणि शेवटी झाडाखालच्या जमिनीचा. जमिनीचा फोटो काढताना लोक विचित्र नजरेने बघतात, बघू देत. पाटीवर शास्त्रीय नाव, कुळ, मूळ देश एवढं बहुतेक ठिकाणी असतं. शास्त्रीय नावामागे नुसतं एल. असेल तर ते नाव लिनियस नावाच्या स्वीडिश शास्त्रज्ञाने दिलेलं, १७५३ साली त्याने झाडांना दोन शब्दी नावं द्यायची पद्धत पक्की केली ती आजपर्यंत चालू आहे. नावामध्ये गुणिले सारखी खूण दिसली तर ते झाड संकरित आहे, आणि एकेरी अवतरणात काही लिहिलं असेल तर ती खास निवडलेली जात, तेव्हा नर्सरीत मागताना ते पण सांगायचं नाहीतर भलतंच रोप हातात येतं. नावात नाना असेल तर झाड बुटकं, स्कँडेन्स म्हणजे चढणारं, रेपेन्स म्हणजे सरपटणारं, एवढं जरी लक्षात ठेवलं तरी फुटभर जागेत काय घुसवू नये हे कळतं.

पण पाटीवरची खरी कामाची गोष्ट म्हणजे कोपऱ्यात बारीक अक्षरात असलेला नंबर. सगळीकडे नसतो, पण पुष्कळ गार्डनमध्ये झाड बागेत आलं की त्याला नोंदणी क्रमांक देतात आणि तो बऱ्याचदा सालाने सुरू होतो. म्हणजे २००६ ने सुरू होणारा नंबर असेल तर ते झाड किंवा त्याचं बी त्या साली बागेत आलं. आता समोर झाड किती मोठं झालंय ते दिसतंय, साल माहिती आहे, वजाबाकी केली की झालं! एका शोभेच्या पामच्या पाटीवर असं साल बघून मी त्याला घरच्या यादीतून तिथल्या तिथे उडवलं, कारण त्या हिशोबाने तो मला हवा तेवढा होईपर्यंत माझे गुडघे गेलेले असणार. ऑनलाइन "फास्ट ग्रोइंग" लिहिलेलं असतं त्याच्यापेक्षा हा पुरावा कधीही बरा.

आता थोडं वेगळं. रॉबर्टो बुर्ले मार्क्स नावाचा ब्राझीलचा एक लँडस्केप डिझायनर होऊन गेला, १९०९ चा जन्म. रिओच्या कोपाकबाना बीचला लागून तो काळ्यापांढऱ्या लाटांचा भला मोठा फूटपाथ आहे ना, त्याला १९७० मध्ये आजचं रूप दिलं ते यानेच, लाटांची नक्षी आधीपासूनची. हा तरुणपणी चित्रकलेसाठी बर्लिनला होता, १९२८-२९ च्या सुमारास, आणि तिथे डाहलेमच्या बोटॅनिकल गार्डनमधल्या काचघरांमध्ये त्याने पहिल्यांदा ब्राझीलची झाडं नीट लक्ष देऊन बघितली. ब्राझीलच्या माणसाने ब्राझीलची झाडं जर्मनीत! घरी त्याच झाडांना रान समजायचे आणि बागेत युरोपातून आणलेली झाडं लावायचे. परत आल्यावर त्याने आयुष्यभर तीच रानटी म्हणून हिणवलेली झाडं बागांमध्ये आणली, जंगलात फिरून गोळा केली, त्याने जमवलेला झाडांचा संग्रह असलेली रिओजवळची जागा २०२१ मध्ये युनेस्कोच्या यादीत गेली. मला ही गोष्ट फार आवडते कारण त्याला काही नवीन झाड सापडलं नव्हतं. रोजचंच झाड पाटी लावून, स्वच्छ वाफ्यात, नीट प्रकाशात कुणीतरी मांडलेलं दिसलं एवढंच. तर गार्डनमध्ये आपण जे झाड "हे काय, हे तर कुंपणावर उगवतं" म्हणून पुढे जातो ना, तिथे दोन मिनिटं थांबायला हरकत नाही.

माझा स्वतःचा प्रश्न वेगळाच होता. घरामागे देशी बदामाचं मोठं झाड आहे आणि त्याच्याखाली काही म्हणजे काही टिकत नाही. दाट सावली, वरचं पाणी सगळं मुळं पिऊन टाकतात म्हणून जमीन कोरडी, आणि ती वीतभर-हातभर लांब पानं, लाल होऊन गळतात, वर्षातून दोनदा सुद्धा गळतात, खाली जे काही छोटं लावाल ते पानांच्या गोधडीखाली गुदमरतं. नेटवर "सावलीत वाढणारी झाडं" शोधलं की फर्न, कॅलेथिया, पीस लिली असली ओलसर सावलीतली नावं येतात. कोरड्या सावलीचं कोणी बोलत नाही. म्हणून मी गार्डनमध्ये गेले ते झाडं शोधायला नाही, माझ्यासारखीच अडचणीची जागा शोधायला गेले, आणि माझ्या मते सगळ्यांनी असंच जावं, म्हणजे तुमच्याकडे उन्हाने तापणारी पश्चिमेची भिंत असेल तर तिथली तशी भिंत शोधा, पाणी तुंबणारा कोपरा असेल तर तिथला तुंबणारा कोपरा शोधा आणि तिथे काय जिवंत आहे ते बघा.

गार्डनमध्ये बदाम सापडला, त्याच्याखाली सान्सेविएरियाचे, म्हणजे स्नेक प्लांटचे, मोठे गठ्ठे होते आणि बाजूने स्पायडर लिली. (सान्सेविएरियाच्या पाटीवर आता ड्रासिना लिहिलेलं दिसलं तर दचकू नका, शास्त्रज्ञांनी त्याला ड्रासिनात टाकलंय.) मी तिथे खाली बसून नीट बघितलं. बदामाचं एक लालभडक पान सान्सेविएरियाच्या दोन पात्यांमध्ये उभंच्या उभं अडकलेलं, आणि त्याच्या खाली आधीची पानं सरकून सरकून जमिनीवर पोचलेली, तपकिरी, नुसत्या शिरा उरलेल्या जाळीसारखी, बोटाने दाबलं तर भुगा. म्हणजे उभ्या पात्यांवर पान बसतच नाही, घसरतं, आत जातं आणि तिथेच कुजतं. आडवी पानं असलेलं, जमिनीला चिकटून पसरणारं झाड तिथे टिकणारच नाही कारण त्याच्यावर पानं पडून राहणार. सावली, पाणी, माती सगळ्यांचा विचार केला होता मी, पानांचा आकार आणि ती कशी पडतात याचा विचार कधी डोक्यातच आला नव्हता.

तिथे एक माळीकाका पाइप गुंडाळत होते, त्यांना विचारलं, काका याला पाणी किती देता? "याला कुठलं पाणी ताई. पहिल्या वर्षी दिलं, जीव धरला, मग सोडून दिलं." आणि पानं झाडत नाही का? "रस्त्यावरची झाडतो. वाफ्यातली राहू द्यायची, तेच त्याचं खत." मग मी माझा आवडता प्रश्न विचारला, जो तुम्ही पण कुठल्याही माळ्याला विचारून बघा, की इथे काय लावलं होतं जे मेलं? काका हसायलाच लागले. "कोलियस लावला दोनदा. आणि लॉन तर विचारूच नका, साहेब बदलला की एकदा लॉन लावायचं." हा प्रश्न सोन्यासारखा आहे कारण जे जगलं ते तर डोळ्यांना दिसतंच, जे मेलं त्याची पाटी कोणी ठेवत नाही.

वेळेचं म्हणाल तर सगळे सकाळी जातात, फोटो छान येतात, झाडं टवटवीत असतात. मी म्हणते एकदा तरी ऐन दुपारी जा, आणि तेही वर्षातल्या सगळ्यात वाईट सीझनमध्ये, तुमच्याकडे जो वाईट असेल तो. कोण माना टाकतंय आणि कोण ताठ उभं आहे ते तेव्हाच कळतं. टोपी आणि पाणी मात्र न्या. मोबाइलमधलं होकायंत्र उघडून वाफ्याचं तोंड कुठल्या दिशेला आहे तेही बघा, कारण "अर्ध्या सावलीत" या शब्दाला काही अर्थ नाही, सकाळचं तीन तास ऊन आणि दुपारचं तीन तास ऊन यात जमीन-अस्मानाचा फरक आहे आणि पुष्कळशी नाजूक पानांची झाडं सकाळचं सोसतात, दुपारच्या उन्हात करपतात.

रचनेबद्दल मला पूर्वी वाटायचं की जितके प्रकार जास्त तितकी बाग छान. गार्डनमधला जो वाफा लांबून नजर खेचतो त्याच्याजवळ जाऊन प्रकार मोजून बघा, बहुतेक वेळा चार-पाचच निघतात, पण एकेकाचा मोठा पुंजका असतो आणि तोच पुंजका थोडं पुढे परत येतो. आपण नर्सरीतून एक-एक रोप आणतो आणि ओळीने लावतो, ते मग बाग कमी आणि हजेरीपट जास्त दिसतं. आणखी एक ट्रिक, आवडलेल्या वाफ्याचा फोटो मोबाइलमध्ये ब्लॅक अँड व्हाइट करून बघायचा. रंग गेल्यावरही जर वेगवेगळे थर, बारीक पानं-मोठी पानं, उभं-लोंबतं असं काही दिसत असेल तर ती रचना बाराही महिने चालेल, आणि सगळं राखाडी एकसारखं झालं तर समजायचं की तो वाफा नुसत्या फुलांवर उभा आहे, फुलं गेली की संपला.

आणि रंग हवाच असेल तर मुसांडा नावाचं झुडूप बघा. त्याचं जे पांढरं किंवा गुलाबी "फूल" लांबून दिसतं ते फूल नसतंच, फुलाच्या बाहेरच्या हिरव्या पाकळ्या असतात ना, निदलं, ती मोठी होऊन रंगलेली असतात, खरं फूल मध्ये छोटंसं पिवळं चांदणीसारखं. बोगनवेलचा रंग पण पानांचाच, फूल आत बारीक पांढरट नळीसारखं. म्हणूनच हे रंग इतके दिवस टिकतात, खरं फूल गळून गेलं तरी रंग झाडावरच.

काचघर किंवा ऑर्किड हाऊसमध्ये मात्र पाकीट आणि मन दोन्ही घट्ट धरून जायचं. तिथे धुकं सोडणारे नळ असतात, जाळी असते, पगारी माणसं असतात. ते घरी होत नाही. तिथे मी फक्त मजा म्हणून जाते. मोठं कमळ, व्हिक्टोरिया, ज्याची परातीसारखी काठ वळलेली दोन मीटरच्या वर पानं होतात, ते काय आपण टबात लावणारे का? पण पान उलटं बघायला मिळालं तर बघा, खाली जाडजूड शिरांचं जाळं आणि काटे असतात. इंग्लंडमध्ये चॅट्सवर्थला जोसेफ पॅक्स्टनने हे कमळ १८४९ मध्ये फुलवलं, आपल्या छोट्या मुलीला त्या पानावर उभं करून दाखवलं, आणि १८५१ च्या क्रिस्टल पॅलेसचं, म्हणजे लंडनमधल्या भल्यामोठ्या काचेच्या इमारतीचं, छप्पर करताना याच शिरांवरून कल्पना घेतली असं तो सांगायचा. माळीच होता तो मुळात. प्रेरणा घ्यायची तर अशी घ्यावी, पण आपल्याकडे अळवाच्या जातीतलंच काहीतरी मोठ्या पानाचं लावून समाधान मानावं.

एक कडू गोष्ट. बोटॅनिकल गार्डनमधून फांदी खुडून पर्समध्ये टाकणारे लोक असतात, चांगले शिकलेले, "एवढीशी तर आहे" म्हणत. कृपा करून करू नका. हा रोग जुना आहे म्हणा, इटलीत पादुआचं गार्डन १५४५ मधलं, तिथे रात्री झाडं चोरीला जायला लागली म्हणून १५५२ मध्ये बागेभोवती गोल भिंत बांधावी लागली, ती अजून आहे. चोरीचं सोडा, दुसरंही एक कारण आहे. बागेत शहाण्यासारखं वागणारं झाड बाहेर काय करेल सांगता येत नाही. घाणेरी, म्हणजे लँटाना, भारतात एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला कलकत्त्याच्या बोटॅनिकल गार्डनमधूनच आली, शोभेचं झाड म्हणून, आणि आता जंगलंच्या जंगलं तिने खाल्ली आहेत. पिवळ्या फुलांचं वेडेलिया पण तसंच, जमीन झाकायला मस्त म्हणून लोक लावतात आणि ते जगातल्या सगळ्यात त्रासदायक शंभर परक्या जीवांच्या यादीत आहे, घाणेरी पण आहे त्यात. म्हणून आवडलेलं झाड आक्रमक आहे का ते घरी येऊन एकदा शोधायचं, मगच आणायचं.

काही गार्डनमध्ये एकेका कुळाचे वेगळे वाफे असतात, तिथे गर्दी नसते कारण दिसायला शाळेच्या प्रयोगवहीसारखे. मला तेच सगळ्यात जास्त उपयोगी पडले. माझ्याकडे अबोली काहीही न करता छान येते, तर मी सरळ अबोलीच्या कुळाचा वाफा गाठला, अ‍ॅकँथेसी. तिथे कोरांटी, अडुळसा, रुएलिया, एरँथेमम सगळी भावंडं एका रांगेत, आणि त्यातली बरीच अर्ध्या सावलीतही खुशीत होती. कुळातलं एक जमलं म्हणून दुसरं जमेलच असं नाही, पण आंधळेपणाने निवडण्यापेक्षा बरं. नाही जमलं तर निदान का नाही जमलं याचा अंदाज तरी येतो.

तर सध्या बदामाखाली सान्सेविएरियाचे तीन मोठे गठ्ठे लागलेत, एकाच जातीचे, मुद्दाम. मधे मधे स्पायडर लिली. झाडाच्या कडेला जिथे सकाळचं ऊन शिरतं तिथे एरँथेममची पाच रोपं आहेत, त्यांना निळी फुलं येतील असं पाटी म्हणत होती, आली तर ठीक. पहिलं वर्ष आहे म्हणून पाणी घालतेय, काकांनी सांगितल्याप्रमाणे पुढच्या वर्षी बंद. बदामाच्या बुंध्यावर मनीप्लांट चढवायचा मोह अजून आवरलाय कारण एकदा चढला की त्याला खाली उतरवणं माझ्या हातात नाही, आणि घरात या विषयावर मतदान झालं तर मी एकटी पडणार हे मला माहिती आहे. तुमच्याकडे कोणी मोठ्या झाडावर चढवला असेल तर दोन-चार वर्षांनी त्याला छाटायला शिडी लागते की माणूसच बोलवावा लागतो, तेवढं सांगा.